बिनबिलाच्या पोह्यांची कढई

कढईला तोंड नसतं असं कोण म्हणतं? माझं अख्खं अंगच तोंड आहे, चांगलं हातभर रुंद. इतकी वर्षं त्यातून नुसती वाफ निघाली, आज शब्द निघणार आहेत. मी भंडाऱ्याची पितळी कढई, गोपीचंद ठेकेदाराच्या स्टॉलवर पोहे करणारी. ज्यांना ऐकायचं त्यांनी बसावं. ज्यांना घाई आहे त्यांनी खुशाल जावं, त्यांची गाडी तशीही लेटच असेल.

भंडाऱ्याच्या पुंडलिकराव नावाच्या कारागिरानं मला ठोकून घडवलं. मार खाल्ल्याशिवाय आकार येत नाही, असं लोक मोठ्या तोऱ्यात सांगतात. मी मार खाल्लेली आहे, मला विचारा. नुसत्या मारानं पत्रा फाटतो! पुंडलिकराव मधेमधे हात थांबवायचे, मला भट्टीत धरून मऊ करायचे, मगच पुढचा घाव घालायचे.

नाकाडोंगरीच्या एका बापानं मला लेकीच्या आंदणात दिलं. ती लेक म्हणजे देवकाबाई, गोपीचंदची बायको. सासरच्या उंबऱ्यावर सासूनं मला पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"एवढ्या मोठ्या कढईत का शिजवशीन वं? हत्ती?"

"हत्ती आला तं त्यालेबी वाढीन ना, आत्याबाई," नवी नवरी म्हणाली.

तेव्हाच मी ओळखलं, आपल्याला या घरात रिकामं बसायला मिळणार नाही. बारसं असो, तेरवी असो, आळीत कुणाकडेही पंगत असली की मी पुढे आणि देवकाबाई मागे.

पुढे गोपीचंदला टेंडर भरून तुमसरकडच्या एका लहान स्टेशनावर खाण्याचा स्टॉल मिळाला. मग माझी चूल प्लॅटफॉर्मवर गेली. पोहे माझ्यात, शेजारच्या गंजात, म्हणजे उभ्या पातेल्यात, चण्याची झणझणीत तर्री. पॅसेंजर लागली की खिडक्याखिडक्यांतून हात यायचे. "काकाजी, तर्री वाढवा ना जी!" "अजून एक प्लेट, लवकर!" गार्डानं हिरवा झेंडा दाखवला तरी एखादा घास तोंडात धरून पळत असायचा. देवकाबाई त्याच्यावरच ओरडायची, "बाबू, चावून खाय, ठसका लागन!" गाडी गेली की दोघं नवरा-बायको माझ्याजवळ बसून उरलेलं खायचे. बोलायचे फार थोडं. मला त्यांची ती वेळ आवडायची.

आता मुद्द्याचं सांगते. आमच्याकडे एक रीत आहे. माणूस दारात आला, दुकानात आला, बांधावर आला, तर कामाचं नंतर. आधी त्याच्या हातात काहीतरी खायला ठेवायचं. मग तो वसुलीला आलेला असो की भांडायला.

एका सकाळी तपासणीचे साहेब आले. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल, चेहऱ्यावर प्रवासाचा शीण. साहेबांनी तोंड उघडायच्या आत गोपीचंदनं माझ्यातून गरम पोह्यांची प्लेट भरली, वर तर्री, वर शेव, आणि पुढे धरली.

"घ्या जी सायेब. मंग पाहा काय पाहाचं ते."

"बिल द्या आधी," साहेब म्हणाले.

"पाहुण्याले कायचं बिल जी?"

"मी पाहुणा नाही. मी तपासणीला आलो आहे."

गोपीचंद हसला. त्याला वाटलं साहेब संकोचतात. संकोचणाऱ्याला आग्रह करायचा असतो, हे त्याला आईच्या दुधातून मिळालेलं. त्यानं प्लेट अजून पुढे सरकवली. "थोडंसं तं घ्या!" साहेबांनी प्लेट बाजूला सारली आणि फाइलीत लिहिलं. बिलाशिवाय खाद्यपदार्थ देणे. तपासणी अधिकाऱ्यास खूश करण्याचा प्रयत्न.

साहेब वाईट नव्हते, हे मी कढई असून सांगते. त्यांनी दिसलं ते लिहिलं. रेल्वेत बिल द्यायलाच हवं, त्यात काही वाद नाही. पण दिसलेलं आणि झालेलं यात अंतर असतं. ते अंतर एका प्रश्नानं मिटलं असतं. तो प्रश्न कुणी विचारला नाही.

आधी बिलाबद्दल दंडाची नोटीस आली. गोपीचंदनं मुकाट्यानं दंड भरला, देवकाबाईला म्हणाला, "चुकलं आपलं, संपलं आता." कुठलं संपलं! स्टॉलची मुदत सरली, नवं टेंडर निघालं, यानं भरलं, तर ऑफिसातून कागद आला. अधिकाऱ्याला आमिष दाखवल्यामुळे पाच वर्षं कुठल्याच टेंडरला उभं राहता येणार नाही. ना बोलावणं, ना विचारपूस, सरळ बंदी.

स्टॉलला कुलूप लागलं आणि मी घरी आले. गावात बोलायला तोंडं कमी नव्हती. शेजारचा धनीराम रस्त्यातून ओरडला, "काय गोपीभाऊ, सायेबाले चारता चारता सोताच उपाशी राहिले ना!" गोपीचंद हसला. पण त्या दिवसापासून तो बाजारात मागच्या गल्लीनं जायला लागला. धंदा गेल्याचं माणूस सहन करतो हो. लाच देणारा म्हणून लोकांनी पाहावं, हे त्याला सहन होत नव्हतं. घरी कुणी आलं की पाण्याचा गडू पुढे करताना आता तो क्षणभर थांबायचा. मी अंगणातून पाहायची. माझं पितळ काळवंडत होतं, पण त्याच्यापुढे ते काहीच नव्हतं.

मग दुसऱ्या स्टेशनावरचा ठेकेदार भैय्यालाल आला. मित्रच, वाईट मनाचा नव्हे. कुजबुजला, "मी बोलून आलो ऑफिसात एकाशी. माफीनामा लिहून दे. 'सायबाले खूश कराले प्लेट देली, माफी असावी', एवढी एकच ओळ. पाच वर्साचे दोन होतीन."

गोपीचंदनं कोरा कागद पुढे ओढला. मग त्यानं पेन घेतलं.

देवकाबाई राखेनं मला घासत होती. हात तसेच, काळे, राखेचे. उठून त्याच्यासमोर उभी राहिली.

"काय जी, खाऊ घातल्याची माफी मांगून राहिले तुमी? बिल नाही देलं, त्याची मांगा, हजारदा मांगा. पण लाच देली असं लिवाल, तं उद्या कोणाले पानी देतानी तुमचा हात थरथरन. मंग कायले पायजे तो ठेका?"

गोपीचंदनं तिच्या राखेच्या हातांकडे पाहिलं. पेनाला टोपण लावलं.

"भैय्यालाल, च्या घेऊन जाय."

"बिल देशीन का?" भैय्यालाल म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी त्या घरात तिघं खळखळून हसले.

साकोलीची हर्षा नागपूरला हायकोर्टात वकिली करते. तिच्याकडे हे दोघं गेले. कढईला कोर्टात कोण नेतो? मी सांगते ते देवकाबाईनं परत आल्यावर मला चुलीवर ठेवता ठेवता शेजारणींना सांगितलेलं. रेल्वेचे वकील म्हणाले, यांनी दंड भरला, म्हणजे सगळं कबूल केलं. हर्षा म्हणाली, दंड बिलाचा होता. आमिषाबद्दल, बंदीबद्दल त्या नोटिशीत एक अक्षर नव्हतं. ज्या शिक्षेची कल्पनाच दिली नाही, तिच्यावर माणूस उत्तर काय देणार? तेव्हा जजसाहेबांनी एवढंच विचारलं, "बंदी घालण्याआधी यांचं म्हणणं ऐकलं होतं का?" रेल्वेच्या वकिलांनी कागद चाळले, पुन्हा चाळले. उत्तर कागदांत नव्हतंच.

कोर्टानं बंदी रद्द केली. पण सोबत म्हटलं, ऑफिसला वाटलं तर त्यांनी रीतसर नोटीस द्यावी, यांचं ऐकावं आणि मग ठरवावं.

बाहेर येऊन गोपीचंदनं हर्षाला विचारलं, "बाई, मंग जिकलो का हारलो?"

"काकाजी, आता त्यांना तुम्हाला विचारावं लागेल."

"बस. मले तेवढंच पायजे होतं."

ऑफिसनं खरंच बोलावलं. तेही मी नंतर अंगणातच ऐकलं. हर्षानं त्याला दोन पानांचं उत्तर पाठ करून दिलं होतं. टेबलापलीकडे वेगळेच अधिकारी होते. त्यांनी बसायला सांगितलं आणि म्हणाले, "ती प्लेट का दिली होती तुम्ही?" गोपीचंद दोन्ही पानं विसरला.

"सायेब, उपाशी मानसाशी कामाचं बोलनं आमाले येत नाही. बिल फाडाले पायजे होतं, चुकलंच. पण त्या सायबाचं मन इकत घ्याची ताकद पोह्यात नसते जी."

अधिकारी हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं, बरोबर आहे का म्हणून. काही आठवड्यांनी निकाल आला. बिलाचा दंड कायम, बंदी नाही.

तो स्टॉल तोवर दुसऱ्याला गेला होता. लढाई जिंकून चूल परत मिळतेच असं नाही, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण सुनावणीच्या दिवशी गोपीचंद घरी आला तो भर बाजारातून, पुढच्या रस्त्यानं. अंगणात माझ्या शेजारी बसला. देवकाबाईनं मला घासता घासता विचारलं, "काय झालं जी?" त्यानं टोपी काढून माझ्या काठावर ठेवली. मग म्हणाला, "देवका, त्यायनं मले इचारलं. बसवलं अन् इचारलं." आणि साठी उलटलेला तो माणूस लेकरासारखा रडला. तिनं राखेचा हात पदराला पुसला आणि त्याच्या पाठीवर ठेवला.

आता त्यानं दुसऱ्या एका स्टेशनाचं टेंडर भरलंय. कालच कल्हईवाला येऊन मला आतून चांदीसारखी करून गेला. टेंडर मिळेल, न मिळेल. मी म्हातारी आहे, माझ्या बुडाला एक पोचाही आहे. नव्या स्टेशनावर स्टीलच्या भांड्यांपुढे मला कुणी उभंही करणार नाही कदाचित. करू नका. मला त्याचं दुःख नाही.

फक्त एक मागते. तुमच्यापैकी ज्याच्या हाती कुणाचं नाव खोडायची ताकद आहे, त्यानं पेन टेकवायच्या आधी त्या माणसाला समोर बसवावं, विचारावं आणि त्याचं बोलून होईपर्यंत गप्प राहावं. येते मी. देवकाबाई मोहरीची फोडणी टाकायला आली आहे, आणि फोडणी पडल्यावर माझं कुणाला ऐकू येत नाही.