खांबाजवळची बाई

निवडणुकीचं ट्रेनिंग ही फार सोयीची गोष्ट आहे. ते वर्षात कधीही निघतं, कुणी त्याची खातरजमा करत नाही, आणि सरकारी नोकरीतल्या सुनेला घरचे त्यासाठी मुकाट्याने डबा भरून देतात. विनीताने सोळा वर्षांच्या संसारात ही थाप एकदाच मारली. शनिवारी ओरोसला ट्रेनिंग आहे, रात्री ऑफिसातल्या सारिकाच्या क्वार्टरमध्ये राहीन, असं सांगून ती मालवणजवळच्या आपल्या गावातून एसटीत बसली. कुडाळला गाडी बदलली, सावंतवाडी मागे टाकली, इन्सुलीचा नाका ओलांडला आणि दुपारी पणजीला उतरली. डबा तिने बसमध्येच संपवला होता. खोटं बोलून मिळालेल्या डब्याला भूक जास्त लागते.

पणजीला ‘अर्धे नकाशे’ हा रॉक बँड वाजवणार होता. हे पुण्याचे पाच जण, आता पोटं सुटलेले. विनीता पुण्यात बी.कॉम. करत होती तेव्हा ते तिच्या हॉस्टेलमागच्या शेडमध्ये तालीम करायचे. मुलींना तिकडे जायला बंदी होती, त्यामुळे तीन वर्षं तिने त्यांना भिंतीपलीकडून ऐकलं आणि तोंडं पाहिली ती पुढे फोनवर. त्यांचं ‘तिसरं धरण’ एकोणीस मिनिटांचं आहे. बराचसा भाग सात मात्रांत चालतो, मध्ये चार मिनिटं गाणारा गप्प असतो आणि शेवट आला असं वाटलं की तो शेवट नसतो. गाणं म्हणजे मुखडा, अंतरा आणि टाळ्या, असं ज्यांचं ठाम मत आहे त्यांना यातलं सुख समजावण्यात अर्थ नाही. विनीताने ते एकदा घरात मोठ्याने लावलं होतं, तेव्हा सासऱ्यांनी, लवूंनी, बाहेरून येऊन मिक्सर बिघडला का म्हणून विचारलं होतं. त्यानंतर तिने ते कायम एसटीत ऐकलं, कानात बोंडं घालून, जाताना एकदा आणि येताना एकदा.

पणजीत संध्याकाळी पाचला उघड्या मैदानात तीनेकशे माणसं जमली. विनीता दिव्यांच्या लोखंडी खांबाला टेकून उभी राहिली. ‘तिसरं धरण’ सुरू झालं आणि भिंत नसलेलं ते गाणं तिने पहिल्यांदा ऐकलं. केसांची क्लिप कधी पडली तिला कळलं नाही. डोळे मिटले होते, अंग डुलत होतं, पाणी वाहत होतं. ती सुखात होती. याहून वेगळा शब्द शोधायची गरज नाही.

सोमवारी एसटीने ओरोसला, ऑफिसला जाताना तिने चाहत्यांच्या ग्रुपवर लोक काय म्हणतात ते उघडलं. तिथे ती पंधरा वर्षं होती, टोपणनावाने, आणि सगळे तिला पुरुष समजत. नेहमीचा गदारोळ चालू होता. एका पुणेकराने रिवाजाप्रमाणे पंधराशे शब्द लिहिले होते, की कीबोर्ड एवढा मोठा होता की गिटार शेजारच्या गल्लीत वाजत असावी. दुसरा म्हणत होता, जुना ड्रमर असता तर मधला भाग असा सैल पडला नसता. त्यावर तिसरा, जुना ड्रमर आता दुबईत फ्लॅट विकतो, त्याला सुखाने विकू द्या. एकोणीस मिनिटांचं गाणं सव्वीस मिनिटं ताणलं ते बरं की वाईट, यावर दोन तट पडले होते आणि दोन्ही तट एकमेकांची अक्कल काढत होते.

मग तिला एक व्हिडिओ क्लिप दिसली. चाळीस सेकंदांची. वर लिहिलं होतं, ‘मधल्या भागात खांबाजवळची ही बाई बघा.’ निळा उजेड, स्टेजवरून आलेला धूर, आणि त्यात मोकळ्या केसांनी डुलणारी विनीता.

खाली दोन हजार जणांनी लिहिलं होतं. एक म्हणे, नशा केली असणार. एक म्हणे, मला कधी रडू येत नाही म्हणून बायको सोडून गेली, आज हिला बघून बसमध्ये रडलो. आणि कुणीतरी एकाने लिहिलं होतं, ‘तिची बोटं बघा. ती मोजतेय. सातला अंगठा येतो. एकदाही चुकलेली नाही.’

हे तिने तीनदा वाचलं. सोळा वर्षांत तिच्याकडे इतकं लक्ष देऊन कुणी पाहिलं नव्हतं. सगळ्यात खाली खुद्द बँडने लिहिलं होतं, ‘ताई, तुम्ही कोण? पुढच्या महिन्यात कोल्हापूरला या. पहिल्या रांगेतली खुर्ची तुमची.’ विनीताने ‘ती मी’ एवढं टाईप केलं, ओरोस येईपर्यंत त्या दोन अक्षरांकडे पाहिलं आणि पुसून टाकलं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा क्लिप तिच्या आधी पोचली होती. मुंबईच्या पूजाने, नणंदेच्या मुलीने, आजीला पाठवली होती, ‘ही मामीसारखी दिसते ना?’ म्हणून. सासूच्या, सुशीलाबाईंच्या, फोनचा स्पीकर गेल्या पावसात गेला होता. त्यांनी क्लिप आवाजाशिवाय पाहिली, पाच-सात वेळा.

“विनीता, ह्या तूच मां गो?”

“व्हय.”

“खंय ह्या?”

इथे विनीताने आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. ती सुचेल ते बोलली असती, सहल म्हणाली असती, कर्मचाऱ्यांचं स्नेहसंमेलन म्हणाली असती, तरी चार दिवस बोलणी खाऊन सुटली असती. पण घाबरलेला माणूस सगळ्यात सुरक्षित शब्द शोधतो, आणि त्या घरात एकच शब्द असा होता की ज्यावर कुणी पुढे काही विचारत नसे.

“ओरोसक. ट्रेनिंग झाल्यार भजन होता.”

सुशीलाबाईंनी फोन खाली ठेवला आणि नवऱ्याला हाक मारली. “आयकलांत? भजनात आसताना झाला ह्या.”

लवू देवळाच्या मानकऱ्यांतले. ग्रामदेवी सातेरीचा वारा, म्हणजे देवीचं अंगात येणं, त्यांच्याच घरात व्हायचं. शेवटचा वारा आला तो त्यांच्या सीताकाकीच्या अंगावर, आणि सीताकाकी जाऊन बारा वर्षं झाली होती. बारा वर्षं दर उत्सवाला ढोल वाजत, लोक वाट बघत, आणि कुणाच्याच अंगावर देवी येत नसे. गावात कुजबूज होती की या घराचं काहीतरी चुकलं. लवूंनी क्लिप पाहिली. मोकळे केस, मिटलेले डोळे, पाणी, धूर. सकाळी आंघोळ करून थेट देवळात गेले.

महादू गुरवाने देवीच्या मूर्तीला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि वारा खरा का, असा प्रश्न घातला. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. उजवी पडली. लवूंनी खात्रीसाठी पुन्हा लावायला सांगितली. पुन्हा उजवी.

दुपारपर्यंत गावभर झालं. पुढच्या मंगळवारी देवळात ढोल बसवून वारा गावासमोर खरा करून घ्यायचं ठरलं. तोपर्यंत सुनेने वेस ओलांडायची नाही, कारण वारा आलेल्या बाईने देवीच्या हुकमाशिवाय गावाबाहेर पाऊल टाकायचं नसतं. लवूंनी तिच्या साहेबांना स्वतः फोन करून शुद्ध मराठीत रजा मागितली, आणि साहेबही याच जिल्ह्यातले, त्यांनी नमस्कार सांगून रजा दिली. बोटीवरून नवऱ्याचा, गुरुप्रसादचा, फोन आला. त्याने कॅप्टनला सांगितलं होतं. कॅप्टन केरळचा होता, त्यालाही आनंद झाला होता.

विनीताने तीन दिवस कळ काढली. चौथ्या दिवशी ती लवूंसमोर जाऊन उभी राहिली. ते घरासमोरच्या खळ्यात सुपारी कातरत बसले होते. तिने ठरवलं होतं, काय व्हायचं ते होऊ दे.

“बाबा, ता भजन नव्हता. मी ओरोसक गेलंयच नाय. पणजेक गेललंय, गाण्याच्या कार्यक्रमाक. तिकीट काढून. तुमका खोटा सांगलंय.”

अडकित्ता थांबला. “एकटीच?”

“एकटीच.”

“थंय वळखीचा कोण होता?”

“कोण नाय.”

लवूंनी सुपारी बाजूला ठेवली. ते रागीट नव्हते, आणि हाच खरा घोटाळा होता. रागावले असते तर तिला रडता आलं असतं.

“मालवणात बाजाराक जातानासुद्धा इचारून जातंस तू. आणि घरात कोणाक न सांगता, वळखीचा कोण नसताना, शंभर किलोमीटर गेलंस?”

“व्हय.”

“ता तू नाय गेलंस बाय,” ते मऊ आवाजात म्हणाले. “तुका देवीन न्हेल्यान.”

तिने फोन काढून क्लिप आवाजासकट लावली. ड्रम, कीबोर्ड, गिटारीचा तो लांब चढत जाणारा सूर. “ह्या भजन वाटता तुमका?”

लवूंनी शेवटपर्यंत ऐकलं. “वारो काय वाद्या बघून येता?” म्हणाले, आणि पुन्हा सुपारी कातरायला लागले.

विनीता आत येऊन भिंतीला टेकून बसली. खोटं बोलून माणूस अडकतो हे तिला ठाऊक होतं. खरं बोलूनही दार उघडत नाही, हे नवीन होतं. सुशीलाबाई शेगडीपाशी होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, पण मान वर केली नाही.

मंगळवारी अकरा वाजता देऊळ भरलं. सुशीलाबाईंनी तिला हिरवं लुगडं नेसवलं आणि केस मोकळे सोडले. ढोल सुरू झाला. महादूने गाऱ्हाणं घातलं.

“बा देवी सातेरी, आज ही लेक तुझ्या पायार उभी आसा, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” लोक म्हणाले.

“तिच्या अंगार इललो वारो खरो आसात, तर सगळ्यांका दाखव, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

काही झालं नाही. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. ढोलकऱ्यांचे हात दुखायला लागले. मागे कुणीतरी खोकलं, कुणीतरी कुणाच्या कानात बोललं. विनीता ठार कोरडी उभी होती. तिला वाटलं, अशीच उभी राहिले तर सुटेन. मग तिची नजर लवूंवर गेली. ते हात जोडून उभे होते, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, आणि त्यांच्याकडे सगळा गाव बघत होता. बारा वर्षं ते असेच उभे असणार. आणि ती सुटली तरी उरणार काय होती? घरी थाप मारून एकटी गोव्याला गेलेली बाई.

तिने डोळे मिटले आणि मनात ‘तिसरं धरण’ सुरू केलं. ढोल चाराचा होता, गाणं साताचं. सुरुवातीला दोन्ही एकमेकांच्या पायात आले. पण सात आणि चार अठ्ठावीसला भेटतात, हे तिला फार आधीपासून ठाऊक होतं. पहिला अठ्ठावीस गेला, दुसरा गेला. तिसऱ्याला तिचं अंग हललं. ते तिने हलवलं. पुढे कधीतरी तिने हलवायचं सोडलं आणि ते हलतच राहिलं, आणि हे नाटक कुठे संपलं ते तिला पुढेही कधी सांगता आलं नाही. एवढं मात्र तिला त्या क्षणीच कळलं की जे एक तिचं एकटीचं होतं, ते तिने आज सगळ्यांसमोर काढून ठेवलं. आता ते एसटीत बसून ऐकता येणार नव्हतं. तिला याचं फार वाईट वाटलं, आणि डोळ्यांतून आलेलं ते पाणी लोकांनी देवीचं म्हणून पाहिलं.

देऊळ दणाणलं. लवू हात जोडून पुढे आले.

“आई, आमची सून नोकरीक जाता. तिका वेशीभायर धाडूची काय नाय? हुकूम दी.”

विनीताला ही संधी आहे हे कळायला थोडा वेळ लागला. मग तिला कोल्हापूरची ती खुर्ची दिसली.

“धाडा,” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

“सोबत कोणाक धाडू?”

“एकटीक.”

सगळ्यांनी महादूकडे पाहिलं. मग महादू म्हणाला, “व्हय म्हाराजा,” आणि सगळे म्हणाले.

सुशीलाबाईंनी तिला धरून पाटावर बसवलं आणि पदराने कपाळ पुसता पुसता तोंड तिच्या कानाशी नेलं.

“सीताकाकीनय असाच मागान घेतलेल्यान. वर्साक एक म्हयनो म्हायेर. देवीचो हुकूम म्हणान कोणी आडवल्यान नाय.”

विनीताने डोळे उघडले. “तुमका ठावक होता?”

“तीस वर्सां तिच्या मागे मीच उभी रवलंय. ढोल वाजण्याआधी तोंडातल्या तोंडात म्हायेरच्या ओव्यो म्हणायची ती.”

“आणि माका आडवलास नाय?”

“तुका भायर जावचा होता मां?” सुशीलाबाईंनी तिच्या कपाळावर कुंकू लावलं, बोट जड होतं. “हयसून भायर जाणारी वाट हीच एक आसा. बाकीचे दिवस हयसर बसाचा.”

त्यांनी मान वळवून दाराकडे पाहिलं. विनीतानेही पाहिलं. लोक रांगेत उभे राहत होते.

पहिली पुढे आली ती सत्तरीची म्हातारी, नऊवारीच्या घोळात प्लास्टिकची पिशवी धरलेली. पिशवीत मुलाचा एक्स-रे होता. ती वाकली, आपल्याहून निम्म्या वयाच्या विनीताच्या पायावर डोकं ठेवलं आणि वर बघून म्हणाली, “आई, डॉक्टर सांगतत झिलाचा ऑपरेशन करा. करून वाचात काय नाय ता सांगणत नाय. करू काय नको?”

ढोल थांबले होते. सगळे ऐकायला पुढे सरले. विनीताला ते काहीच ठाऊक नव्हतं, आणि म्हातारी हात जोडून थांबली होती. तिच्या मागची रांग देवळाच्या पायऱ्या उतरून रस्त्यापर्यंत गेली होती.