पहिला तोडा

कारंज्यातल्या जुन्या राजवाड्याचं हॉटेल झालं, तसा मालक भाऊसिंगानं त्याचा इतिहासही नवा करून घेतला. त्याचा आजा म्हणे गरिबांचा वाली! कान किटावेत इतकं खोटं. पण पाहुण्यांना ते रोज संध्याकाळी चहासोबत मिळायचं.

इंझोरीची रुख्मिणी तिथं भाजी पुरवायची. खरं काय ते तिला ठाऊक होतं. भाजीचा पहिला तोडा, म्हणजे हंगामातला पहिला खुडलेला माल, राजवाड्यावर द्यायची त्या आज्याच्या काळी रीत होती, आणि एका वर्षी तिच्या सासूनं, गंगूनं, तो देवीला वाहिला. आज्यानं तिला चौकात बोलावलं. चोर म्हणून चारचौघांत शिव्या दिल्या, आणि मोठ्या अडकित्त्यात धरून उजव्या हाताची चार बोटं एकेक करून तोडली. गंगू मरेपर्यंत डाव्या हातानं जेवली. जाताना सुनेला म्हणाली, "मी चोर नव्हती माय. कोनाले तरी सांगजो."

परवा भाऊसिंगानं नवी टूम काढली. रुख्मिणीनं नऊवारी नेसून पहिल्या तोड्याची वांगी पाहुण्यांसमोर त्याच्या पायाशी ठेवायची. ती एका शब्दात तयार झाली. चार माणसांत सासूबद्दल बोलता येईल, एवढाच तिचा मतलब.

तिनं टोपली ठेवली, तोंड उघडलं, तर भाऊसिंगानं हाताच्या खुणेनंच तिला गप्प बसवलं. कपाटातला तोच अडकित्ता काढून पाहुण्यांना सांगू लागला, की आजोबा या अडकित्त्यानं रयतेला सुपारी कातरून द्यायचे, एका चोरट्या भाजीवालीलाही दिली होती. पाहुणे हसले.

रुख्मिणीचं डोकं सणकलं. तिनं अडकित्ता हिसकला, त्याचं बोट पात्यांत धरलं आणि सगळं अंग टाकून दाबलं. बोट तुटून वांग्यांत पडलं. भाऊसिंगानं किंचाळत तिच्या पोटात लाथ घातली. दरवाज्यावरचा किसनसिंग धावत आला आणि हात थकेपर्यंत तिला काठीनं बडवत राहिला. दोन दात पडले. तरी ती बोलतच होती, की गंगू चोर नव्हती. ऐकायला होतं कोण? पाहुणे केव्हाच पळाले होते.

ठाण्यात जमादारानं कागद पुढं ओढला. बोट तूच तोडलंस का, असं विचारलं. ती हो म्हणाली. मग का तोडलंस ते पहिल्यापासून सांग, तो म्हणाला. सगळं लिहावं लागतं, कोर्टात वाचून दाखवतात.

रुख्मिणीनं पदरानं तोंडावरचं रक्त पुसलं.

"सगळ्यायसमोर वाचतेत? मंग माह्या सासूपासून लिहा, साहेब. गंगू तिचं नाव."

जमादारानं लिहायला घेतलं.