तुळईसाठी घेतलेलं ड्रिल

२०२२ सालची ही गोष्ट. परळच्या चाळीच्या जागी टॉवर उभा राहिला आणि गुणाजी परब आपल्या बायकोला, कौसल्येला, आणि मुलाला घेऊन बाराव्या मजल्यावर राहायला गेला, त्यानंतरचा पहिला गणपती.

मूर्तीच्या वर माटवी हवीच. ती लाकडी चौकट, जिला नारळ, कवंडळं, आंब्याचे टाळ बांधतात. चाळीत ती गुणाजीच टांगायचा. गिरणीतला फिटर तो. पण आता त्याच्या हातांना कंप सुटला होता.

"यंदा भोकं मी पाडते," कौसल्या म्हणाली. "तुम्ही नुसतं सांगा."

"नुसतां सांगूक मी काय मुकादम आसंय?" तो फुरंगटला, पण नागदेवीच्या हत्यारबाजारात सोबत गेला.

दुकानदाराने आधी ड्रिलचं एक धूड पुढे केलं. कौसल्येने ते डोक्यावर धरून पाहिलं. मनगट लगेच लचकलं. मग बॅटरीवरचं एक लहानसं मशीन तिने वर धरलं, आणि तसंच धरून दुकानदाराच्या गावाची सगळी चौकशी केली. हात खाली आला नाही.

"मावशी, काम कसलं आहे? लाकूड की स्लॅब?"

तिच्या आधी गुणाजी बोलला, "तुळईत आकडे बसवायचेत."

"मग हे बस झालं. स्लॅबला मात्र चालणार नाही हां."

"आमची तुळई सागवानी!" गुणाजी ऐटीत म्हणाला. कौसल्येनेही मान डोलावली.

घरी मशीनला हळदकुंकू लावून ती स्टुलावर चढली, वर पाहिलं आणि थबकली.

"अहो, तुळई कुठाय?"

वर नुसता पांढरा स्लॅब. तुळई चाळीबरोबरच गेली होती. तरी तिने बिट टेकवून पाहिलं. ओरखडा उठला आणि भुकटी डोळ्यांत गेली. तिला हसू आवरेना. गुणाजी मात्र मान खाली घालून बसला.

"हात गेले ते गेले, आता डोकां पण गेलां. यंदा माटवी नको."

"बाबा, स्लॅबसाठी माणूस बोलावतो ना," मुलगा धनेश म्हणाला.

"तू गप रे!" कौसल्या म्हणाली. यंदा दुसऱ्या कुणी माटवी टांगली, तर गुणाजी पुन्हा कशाला हात लावायचा नाही, हे तिला कळलं होतं. "डोकं गेलं तर दोघांचं गेलं. मान मी पण हलवली. मशीन चांगलं आहे. आपण तुळई आणू या."

रे रोडच्या वखारीत गुणाजीने एकेक लाकूड ठोकून, वास घेऊन पाहिलं आणि जुन्या सागाची एक सडपातळ तुळई निवडली. शिवाय ती जमिनीवरच उभी राहावी म्हणून दोन खांब, खाली आडव्या पट्ट्या. घरी कौसल्येने बिट टेकवलं, तर नुसता धूर.

"कौसल्ये, उलटां फिरता तां! आवाज ऐक. बाजूचां बटण दाब. हां... आता जोर नको, त्याचां तां जाता."

भोकं तिने पाडली. आकडे त्याने हातानेच पिळून बसवले. थरथरत्या बोटांना पुष्कळ वेळ लागला. कौसल्या तुळई धरून उभी राहिली, पण एकदाही "आणा इकडे" म्हणाली नाही.

गुणाजीने त्या तुळईला आणखी दोनदा माटवी टांगली, मग तो गेला. धनेश आता ठाण्याला राहतो. चतुर्थीच्या आदल्या दिवशी येऊन खांब उभे करतो. आकड्यांना तो तेल लावतो, पण ते काढत नाही. नागदेवीच्या दुकानात आता दुकानदाराची सून बसते. आणि कौसल्या मजल्यावर कुणाचं कपाट, कुणाचा पाट नीट करून देते. एखादी शेजारीण विचारते, "काकी, स्लॅबला चालेल का हो तुमचं मशीन?"

"नाही गं," ती म्हणते. "आमचं तुळईचं आहे."