उलटी शिवलेली पिशवी

माझ्या शिवणाला नाव ठेवणारा अजून जन्माला यायचाय. हे फुशारकीनं सांगत नाही, कारण पुढे जे सांगायचंय त्यात फुशारकीला जागाच नाही. तिसरीत शाळा सुटली, बत्तिसाव्या वर्षी नवरा गेला, आणि शाळेच्या पोरांचे गणवेश शिवून मी दोन मुलं वाढवली. कुणाच्या दारात हात पसरला नाही. हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा ऐकवलंय, की मी तोंड उघडलं की सूनबाईला स्वयंपाकघरात काहीतरी काम आठवतं.

त्या दिवशी सकाळी मी मशीनला तेल घालत होते आणि सूनबाई दूध तापवत होती. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत थोरल्याची संस्था आहे. एक टेबल, चार खुर्च्या, आणि मोठ्या लोकांशी हात मिळवताना काढलेले थोरल्याचे फोटो. गल्लीत त्याला सगळे ‘साहेब’ म्हणत आणि मला ‘साहेबांची आई’. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात कचेरीचा शिपाई आला. एका हातात खळीची बादली, काखेत कागदाची गुंडाळी. त्यानं न विचारता आमच्या दाराशेजारच्या भिंतीला खळ फासायला सुरुवात केली.

“अहो, हे काय चाललंय?” सूनबाई दुधाचा चमचा हातात घेऊनच बाहेर आली.

“नवा नियम आहे, वहिनी. ज्या संस्थेला सरकारनं मदत दिली, तिच्या दारावर यादी लावायची. काय दिलं आणि कुणासाठी दिलं. सात दिवस फाडायची नाही. शुक्रवारी तपासणीच्या बाई येतील, ज्यांची नावं आहेत त्यांना सगळ्यांसमोर विचारतील.”

“मग आत लावा ना, टेबलाच्या मागे.”

“आत लावली तर वाचणार कोण?” तो हसला आणि बादली उचलून पुढच्या दाराला गेला.

थोरला कामासाठी बाहेर गेलेला होता, रात्रीपर्यंत यायचा नव्हता. सूनबाईनं इकडेतिकडे बघितलं, आतून पलंगावरची चादर आणली आणि दोन खिळ्यांना बांधून त्या यादीवर वाळत घातली. कोरडी चादर! मी बघितलं. पण म्हटलं, असेल काहीतरी, आपल्याला काय करायचंय.

‘आपल्याला काय करायचंय’, हे आमच्या घरातलं सगळ्यात जुनं वाक्य. वाडवडिलांच्या भांड्यांपेक्षा जुनं.

दहाच्या सुमाराला धुणंवाली आली. माझ्याच वयाची बाई, मागेपुढे कुणी नाही. पाठीत वाकलेली, पण कपडे असे पिळते की पाण्यालाच दया यावी. तिनं आतली बोचकी घेतली आणि जाताजाता ती चादरही ओढली.

“राहू दे गं ती!” सूनबाई ओरडली.

“का? मळलीय की,” धुणंवाली म्हणाली. चादर तिच्या खांद्यावर, आणि भिंतीवर ही मोठाली अक्षरं. गल्लीतल्या दोनतीन बाया नळावर उभ्या होत्या, त्या जवळ आल्या.

“बाई, तुम्हाला वाचता येतं ना? काय लिहिलंय?” धुणंवालीनं मला विचारलं.

बायांसमोर कुणी वाचायला सांगितलं की माझी मान ताठ होते. चष्मा लावला. अक्षराखाली बोट ठेवून, मोठ्यानं, शाळेत वाचायचे तसं वाचायला लागले.

“निराधार… वृद्ध… महिलांना… रोजचं जेवण. लाभ… लाभार… लाभार्थी. लाभार्थी चाळीस.”

“लाभार्थी म्हणजे?”

“ज्यांच्या पोटात जातं ते,” मी ऐटीत सांगितलं आणि पुढे वाचलं. “एक…”

एक नंबरला माझं नाव होतं. माझं, नवऱ्याचं, आडनावासकट. मी ते मोठ्यानं वाचून मोकळी झाले आणि मग मला कळलं की मी काय वाचलं.

नळावरची एकजण फिस्सकन हसली. “अगंबाई! साहेबांची आई निराधार? मग आम्ही कोण, महाराण्या?”

माझे कान तापले. बोट मात्र थांबेना, ते आपलं खाली सरकत राहिलं. दोन. तीन. चौथं नाव धुणंवालीचं.

“माझं?” ती म्हणाली. “जेवण? मला? कधी?”

तिनं ते भांडायला नाही विचारलं. खरंच विचारलं, जसं काही तिचीच विसरायची चूक झाली असेल.

आणि मला मागच्या पावसाळ्यातली ती सकाळ आठवली. ती तापानं फणफणलेली, आठवडाभर काम नाही. आमच्या मागच्या दाराशी येऊन म्हणाली होती, “बाई, ओंजळभर पीठ असेल तर द्या.” मी मशीनवरून मानही न उचलता म्हटलं होतं, “हे काय अन्नछत्र आहे?” त्यावर आपणच आपल्या बोलण्यावर खूश होऊन सूनबाईकडे बघितलं होतं. धुणंवाली तशीच माघारी गेली. पुढच्या आठवड्यात येऊन नेहमीसारखे कपडे घेऊन गेली.

मी आत आले. कोठीच्या खोलीत पिठाची पोती छताला टेकलेली. दोन वर्षं दर महिन्याला यायची. तेल यायचं, साखर यायची. थोरला म्हणायचा, “घाऊक घेतलं की स्वस्त पडतं.” रिकामी पोती वाया जाऊ नयेत म्हणून मी त्यांच्या पिशव्या शिवत होते. गल्लीत अर्ध्या घरांना वाटल्यात. पोत्यावर हिरवा शिक्का असायचा, दोन ओळी छापलेल्या. तो बरा दिसत नाही म्हणून मी पोतं उलटं करून शिवायची. अक्षरं आत, कोरी बाजू बाहेर.

कुणी म्हणेल, म्हातारीला वाचता कुठे येत होतं. येत होतं. नुकतंच गल्लीसमोर वाचलं की! वाचता येत नव्हतं म्हणून नाही, वाचायचं नव्हतं म्हणून वाचलं नाही. हे एक वाक्य लिहायला मला चार दिवस लागलेत.

खुंटीवरची पिशवी काढली, आतली बाजू बाहेर केली. ‘निराधारांच्या भोजनासाठी. विक्रीसाठी नाही.’ शिवण मात्र अशी सुबक, की एक टाका वाकडा नाही.

थोरला आला तेव्हा मी ती पिशवी मांडीवर घेऊनच बसले होते.

“कागदावरची गोष्ट आहे, आई,” तो बूट काढता काढता म्हणाला. “चाळीस नावं लागतात. एकोणचाळीस झाली होती. घरचं नाव भरवशाचं, म्हणून वर घातलं.”

“मेलेल्या बापाचं घालायचंस. तो तर आणखी भरवशाचा. कुणी विचारायला गेलंच नसतं.”

“तू चिडू नकोस. शुक्रवारी बाई विचारतील, जेवण मिळतं का. तू फक्त ‘मिळतं’ म्हण. तू म्हटलंस की बाकीच्या मान डोलावतील, तुझ्या शब्दाला मान आहे गल्लीत.”

“आणि धुणंवाली?”

“तिच्याकडे एक पोतं पाठवून देतो.”

“दोन वर्षांच्या भुकेला एक पोतं? घाऊक घेतलंस वाटतं, स्वस्त पडलं.”

तो हळूच म्हणाला, “आई, तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, घराला रंग लागला, तेव्हा विचारलं नाहीस कशातून. आता विचारतेस? संस्था बंद पडेल. मला आत टाकतील. तुला चालेल?”

पोटचा पोर होता. लहानपणी शाळेत जाताना असाच दाराशी उभा राहायचा, बटण तुटलं की. मी दातानं दोरा तोडून लावून द्यायची. मी मांडीवरच्या पिशवीची घडी घातली. तो समजला, आई ऐकेल. आजवर ऐकलंच होतं.

शुक्रवारी संस्थेच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. तपासणीच्या बाई तरुण, माझी नात शोभतील एवढ्या वयाच्या. समोर यादी, हातात पेन. थोरला त्यांच्या शेजारी, हसरा चेहरा करून. धुणंवाली दाराबाहेर उकिडवी बसलेली. आत ये म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं, मलासुद्धा.

“आजी, पहिलं नाव तुमचं. संस्थेकडून रोज जेवण मिळतं तुम्हाला?”

“मिळतं,” मी म्हटलं.

थोरल्यानं सुस्कारा सोडला. बाईंनी खूण करायला पेन टेकवलं.

“थांबा, पुरतं लिहून घ्या,” मी म्हटलं आणि पिशवी टेबलावर ठेवली, अक्षरं वर करून. “या पिठाचं दोन वर्षं रोज दोन वेळा जेवले. यादीत नाव आहे ते खोटं नाही. खोटं एवढंच, की चाळीसजणी आहेत. जेवलो आम्ही घरचेच. बाकी एकोणचाळीसजणींच्या वाटचं मी, माझ्या पोरानं आणि सुनेनं खाल्लं. बाहेर बसलीय तिनं ओंजळभर पीठ मागितलं, तर मी तिला हाकललं.”

थोरला म्हणाला, “आई, काय बोलतेस तू?” त्याचा आवाज बटण तुटलेल्या पोरासारखा होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर फिरले असते.

“तक्रार कुणाविरुद्ध लिहू, आजी?” बाईंनी विचारलं.

“आमच्या घराविरुद्ध. माझंच नाव पहिलं घाला. सवय आहे त्याला.”

पुढचं गल्लीला ठाऊक आहे. पोती मोजून गेली, खोलीला कुलूप लागलं, थोरल्यावर खटला उभा आहे. सूनबाई माझ्याशी बोलत नाही. वाटलेल्या पिशव्या घेऊन बाया बाजारात जातात, आता मुद्दाम अक्षरं बाहेर करून. मला दिसावं म्हणूनच. दिसतं. तुमच्याही घरात काही उलटं शिवलेलं असेल, तर आपणच उलगडून वाचा. गल्लीनं वाचून दाखवेपर्यंत थांबू नका, फार लागतं.

धुणंवाली आमच्याकडे येईनाशी झाली. माझे कपडे मीच धुते. परवा ती दारावरून जाताना दिसली. मी पुन्हा गणवेश शिवायला घेतलेत, त्या कमाईतून चूल पेटवून जेवण रांधलं होतं. हाक मारली, “ये गं, दोन घास खाऊन जा.”

ती थांबली. बोचकं एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतलं. भिंतीवर यादीच्या खळीचे डाग अजून आहेत, त्यांच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

“का बाई,” ती म्हणाली, “अन्नछत्र आहे का हे?”

“होतं,” मी म्हटलं. “तुझंच होतं.”

ती उंबऱ्याबाहेर तशीच उभी राहिली. आत आली नाही. मीही पुन्हा म्हटलं नाही. ताट घेऊन बाहेर गेले आणि ती उभी होती तिथे, रस्त्यावर, तिच्यासमोर खाली बसले.