चार स्क्रूंची हौस

हरेश सरांनी शाळेतून निवृत्त झाल्यावर जव्हारला अँप्लिफायर बनवायचा कारखाना काढला. कारखाना म्हणजे पडवी, दोन टेबलं आणि कामाला एकटी गोदी. सोल्डर मारायला तिला सरांनीच शिकवलं. वर्षभरात तिचा हात त्यांच्यापुढे गेला. सरांनी हे कधी कबूल केलं नाही, फक्त स्वतः सोल्डर मारणं सोडून दिलं. त्या टेबलामुळे गोदीची यंदाची भिवंडीच्या वीटभट्टीवरची मजुरी टळली होती.

पुढे सरांना कुठूनसं कळलं, की शहरातल्या हौशी लोकांना अँप्लिफायरचा तयार डबा नकोच असतो. सुटे भाग द्या, ते घरी बसून जोडतात आणि वर आभार मानतात. खोडाळ्याच्या बाजारात सरांनी हे बोलून पाहिलं, तर मंगळू बँडवाल्याने विचारलं, वाजंत्री पण सुटेच पाठवू का? मग ठरलं, बाजाराला तयार डबा, शहराला किट. पण बाजारात महिन्याला डबे खपणार दोन. तेवढ्याला गोदी कशाला?

"वीस किटं भरून पार्सल करा," नाशिकला लग्नाला निघताना सर म्हणाले. "पुढचं मग कळवीन."

कामावरून काढताना भट्टीचा मुकादमही 'कळवीन' असंच म्हणतो. गोदी काय ते समजली.

ती भरायला बसली खरी, पण तिला लाज वाटायला लागली. पाहुण्यापुढे नागलीचं पीठ अन् पाण्याचा तांब्या ठेवून 'भाकर थापा तुमची तुम्हीच' म्हणायचं? जाता जाता आपल्या हातचं अर्धवट काम लोकांच्या घरी जायला नको, म्हणून दोन दिवसांत तिने वीसही किटं सोल्डर मारून पुरी केली. चार-चार स्क्रूंची झाकणं तेवढी सुटी ठेवली. सोबतच्या कागदावर स्क्रूड्रायव्हरचं चित्र होतं, ते खोटं पडायला नको.

सर परत आले, तेव्हा पार्सलं गेलेली होती. वीसही किटं जोडूनच गेल्याचं ऐकून ते स्टुलावर बसले.

आठवड्याने मोबाईल वाजायला लागला. एका साहेबांनी फोटो धाडला होता, हातात स्क्रूड्रायव्हर, डोळ्यांत पाणी. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातांनी काही घडवलं, असं खाली लिहिलं होतं. आणखी चाळीस किटांची मागणी आली. तक्रार एकच, एका इंजिनिअरची: चौथा स्क्रू जमत नाही.

सरांनी गोदीला बोलावून घेतलं. "उद्यापासून या गोदीबाई. नेहमीच्या टेबलावर."

गोदीने पदर खोचला. "मग स्क्रू पण अर्धे फिरवून ठेवू का, सर?"

सरांनी कागदावरचं स्क्रूड्रायव्हरचं चित्र पाहिलं.

"तीन ठेवा," ते म्हणाले. "एक त्यांच्या हौसेला राहू दे."