बोटभर जागा

मी एक जुनी आज्ञा आहे, मित्रांनो. नीट बसा आणि ऐका. वेबपानावरच्या दोन शब्दांमध्ये किती मोकळी जागा सोडायची, हे मी संगणकाला सांगते. मी स्वतः पडद्यावर कधी दिसत नाही. जागा राखणारीने दिसावे कशाला?

माझा जन्म १९९९ साली फलटणच्या एका संगणक वर्गात झाला. तिथे शिकवणाऱ्या स्वप्नाने दिवंगत वडिलांची, आबांची, गाणी एका पानावर चढवली होती. स्मृतिदिनी भावकी वर्गात जमणार होती आणि आबांची थोरली बहीण चंद्राबाई त्यातले एक गाणे स्वतः वाचणार होती. उतारवयात तिला अक्षरे आबांनीच शिकवली होती: एक शब्द वाचावा, पुढच्या मोकळ्या जागेत बोट टेकावे, मग पुढे जावे.

सरावाच्या पहिल्याच दिवशी ती पडद्यासमोर अडखळली.

"स्वप्ने, शब्द लय खेटून बसल्यात गं. बोट कुठं ठिवू?"

स्वप्नाने मला लिहिले. शब्द सरकून बसले. चंद्राबाईने काचेवर बोट टेकत गाणे शेवटपर्यंत वाचले.

"आबा असता तर म्हनला असता, म्हातारी पास झाली," ती म्हणाली. माझ्या वाट्याला आलेली प्रशंसा एवढीच. मला ती पुरली.

वर्गाचे मालक बाळासो यांना मात्र मोकळी जागा म्हणजे उधळपट्टी वाटे.

"पान किती लांबलंय. आवळ की जरा."

"आत्त्यासाठी हाय ते, सर."

"तुझी आत्त्या काय रोज येनार हाय व्हय?"

स्मृतिदिनी स्वप्ना हार आणायला गेली, तेव्हा त्यांनी माझ्यापुढचा, किती जागा सोडायची तो आकडा शून्य केला आणि शब्द पुन्हा खेटले. मी जागेवर होते; हाती काही उरले नव्हते.

बुद्धवंदना झाली. चंद्राबाई पडद्यासमोर बसली. तिचे बोट पहिल्या ओळीवर फिरले, थांबले, मागे आले. पुन्हा फिरले.

"आबानं शिकीवलेलं गेलं माझं," ती हळू म्हणाली आणि उठली.

स्वप्नाने धावत येऊन माझा आकडा परत लिहिला. शब्द सरकले. तोवर चंद्राबाई जिना उतरून गेली होती. पुढे स्वप्नाने तिला खरे काय घडले ते पुष्कळदा सांगितले. "माझी समजूत काढू नगंस," एवढेच ती म्हणे. तिने पुन्हा काही वाचले नाही.

मित्रांनो, मी अजून त्या पानावर उभी आहे. प्रत्येक शब्दापुढे बोटभर जागा राखली आहे. बोट येत नाही. रिकामी दिसणारी जागा आवळण्याआधी तिथे कोण टेकते, हे विचारत जा. मागाहून दिलेली जागा नुसतीच रिकामी राहते.