माझ्यावरचं चुकीचं नाव

मी स्कार्नबी गावच्या स्मारकाचा दगड बोलतोय. माझ्या अंगावर एक चुकीचं नाव कोरलेलं आहे आणि मला ते खरवडता येत नाही. आम्हा दगडांची ही जुनीच रड आहे.

माझा जन्म यॉर्कशायरच्या खाणीतला. दुसरं महायुद्ध संपून चाळीस वर्षं उलटल्यावर गावकऱ्यांनी मला इथे, जुन्या विमानतळाच्या फाटकापाशी उभं केलं. इथूनच बॉम्बफेकी लँकेस्टर विमानांची तुकडी जर्मनीकडे उडायची. आता धावपट्टीवर कोंबड्यांच्या शेड आहेत आणि बाकीच्या रानात बीट. वारा फिरला की कोंबड्यांचा वास थेट माझ्या तोंडावर येतो.

नावं कोरायची वेळ आली तेव्हा समितीच्या मॉरीन बॉनटॉफ्टबाईंनी गावातल्या पबमधले जुने फोटो उतरवून आणले. प्रत्येक फोटोत विमानापुढे सात जण उभे आणि खाली त्यांची नावं. जे विमान परतलं नाही त्यातले सातही जण गेले, असं बाई धरून चालल्या. त्या बिचाऱ्या महिनोन्महिने राबल्या होत्या.

अनावरणाच्या दिवशी भाषणं आटोपली आणि मंडळी चहा-सॉसेज रोलकडे वळली. एक बुटका म्हातारा मात्र माझ्यापाशीच रेंगाळला. नावांवरून बोट फिरवता फिरवता तो एका ओळीवर थबकला. बाई लगबगीने आल्या.

"तुमच्या नात्यातलं कुणी होतं का?"

"नात्यातलं कसलं, बाई. सार्जंट सिरिल ओल्ड्रॉइड म्हणजे मीच."

बाईंच्या हातातली बशी कलंडली.

"त्या रात्री मला ताप होता. डॉक्टरांनी उडू दिलं नाही," तो म्हणाला. "माझ्या जागी टास्कर गेला, एडविन टास्कर. त्याला स्वतःचं असं विमानच नव्हतं. ज्यांचा गडी आजारी, त्यांच्याकडे त्याला धाडायचे. तो फोटोत कुठून असणार?"

"अरे देवा. मी उद्याच्या उद्या कारागिराला..."

"सावकाश होऊ द्या. मेलेल्या माणसाला कसली आलीय घाई?"

तो हसला खरा, पण माझ्यावर टेकलेलं बोट त्याने उचललं नाही.

सरकारच्या मोठ्या स्मारकावर हजारो नावांच्या गर्दीत टास्करचंही नाव आहे म्हणे. पण जिथून तो उडाला तिथे नाही. कारागीर येऊन मला बघून गेला. एक नाव काढायचं तर सगळा दर्शनी भाग घासून नव्याने कोरावा लागेल, म्हणाला. बाई म्हणाल्या, पुढच्या वर्षी नक्की. पुढच्या वर्षी पुन्हा तेच म्हणाल्या.

दर नोव्हेंबरात, युद्धात गेलेल्यांच्या स्मरणदिनी, पॉपीच्या लाल फुलांचं पुष्पचक्र घेऊन सिरिल यायचा. नावं मोठ्याने वाचली जायची, त्यात त्याचंही. ते झालं की तो मान खाली घालून पुटपुटायचा, "टास्कर." ते फक्त मला ऐकू यायचं. एका वर्षी मात्र त्याचा तोल सुटला.

"नाव माझं आहे ना? मग काढा की ते. त्याच्या वाट्याचं आयुष्य मी जगलो. बायको केली, पोरं झाली, नातवंडं झाली. निदान त्याचं मरण तरी त्याला परत द्या."

"सिरिल, समितीत आम्ही तिघंच उरलोय हो," बाई हळूच म्हणाल्या.

पुढच्या वसंतात सिरिल गेला. त्याची मुलगी गिलियन फुलं घेऊन आली, माझ्यावरच्या त्याच्या नावाला हात लावून रडली. "बाबांचं नाव इथे आहे, किती बरं वाटलं," असं म्हणाली. काठी टेकत आलेल्या मॉरीनबाईंनी सुस्कारा सोडला.

"म्हणजे आता चूक राहिलीच नाही म्हणायची."

वाईट मनाने नाही बोलल्या. सुटल्यासारख्या बोलल्या. त्या क्षणी मी दुभंगलो असतो तर बरं झालं असतं.

आता बाई वृद्धाश्रमात आहेत. नोव्हेंबरात कुणी येत नाही आणि माझ्यावर शेवाळ चढतंय. बीटचे ट्रक धूळ उडवत जातात. कधी या वाटेने आलात तर ओल्ड्रॉइडच्या ओळीपाशी थांबून मोठ्याने "एडविन टास्कर" म्हणा, एवढंच मागणं आहे. कुणी येईल असं मला वाटत नाही. तो कुठल्या गावचा, त्याच्यामागे कोण रडलं, तेही मी सांगू शकत नाही. सिरिललाही ते ठाऊक नव्हतं. दोघांची गाठ एकदाच पडली होती, जेवणाच्या रांगेत.